सुजलेले सांधे आणि वजनाचा काटा

मुलांच्या संधिवाताच्या तपासणीला गेलं की डॉक्टरांच्या आधी भेटतो तो वजनकाटा. चपला काढ, सरळ उभा राहा, हलू नकोस. आकडा कागदावर जातो आणि बाहेर बाकावर आई-बाबांच्या डोक्यात तोच आकडा घोळत राहतो. त्या बाकावर दोन तऱ्हेची माणसं बसलेली असतात. एकांची तक्रार, “कितीही भरवा, याच्या अंगी म्हणून लागत नाही.” दुसऱ्यांची, “औषध सुरू झाल्यापासून ही नुसती फुगत चाललीय. मग गुडघे दुखणार नाहीत तर काय?” तक्रारी उलट्या, पण पोटातला प्रश्न एकच: आजारामुळे वजन बदलतं, की वजनामुळे आजार वाढतो?

दोन्ही गोष्टी होऊ शकतात. पण पहिली पक्की ठाऊक आहे, दुसरीचा पुरावा अजून डळमळीत आहे. गंमत अशी, की मुलांना बोलणी बसतात ती नेमकी दुसरीवरून.

आधी आजाराची ओळख करून घेऊ. संधिवात म्हटलं की आजीचे गुडघे आठवतात. आजीच्या गुडघ्यात बहुतेक वेळा झीज असते, मुलांच्या सांध्यात असतो तो दाह. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजतं, सांध्यात पाणी भरतं, सकाळी उठल्यावर सांधा आखडलेला असतो. वयाची १६ वर्षं पुरी व्हायच्या आत सुरू झालेला, किमान ६ आठवडे टिकलेला आणि दुसरं कुठलंच कारण न सापडलेला असा दाह असेल तर त्याला जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, थोडक्यात जेआयए म्हणतात. हा एक आजार नसून ७ प्रकारांची मोट आहे. एका टोकाला फक्त एक गुडघा सुजलेली, एरवी घरभर हुंदडणारी अडीच वर्षांची मुलगी असते. दुसऱ्या टोकाला ‘सिस्टेमिक’ प्रकार असतो. त्यात रोज ठरावीक वेळी ताप चढतो, अंगावर फिकट पुरळ येतं आणि सांध्यांबरोबर सगळं शरीरच पेटलेलं असतं. या दोघांच्या वजनाची कहाणी सारखी कशी असेल?

आणखी एक शब्द लागणार आहे, ‘आजाराचा जोर’. आज, या घडीला आत किती दाह पेटलेला आहे, त्याचं हे माप. पूर्वीच्या दाहाने सांध्याचं जे नुकसान करून ठेवलं तो वेगळा हिशेब. विस्तव विझला तरी जळलेलं लाकूड तसंच राहतं, तसं.

आजार वजन कसं खातो

लंडनमध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या डॉक्टरांनी १८९७ साली मुलांच्या संधिवाताचं सविस्तर वर्णन केलं. या मुलांची वाढ खुंटते, हे तेव्हाच त्यांच्या नजरेला आलं होतं. कारण सापडायला मात्र पुढचं अख्खं शतक जावं लागलं. दाह पेटला की पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. त्यांतले दोन निरोपे महत्त्वाचे आहेत, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ. ते सांध्यापुरते थांबत नाहीत, रक्तातून सगळीकडे फिरतात. मेंदूत पोचले की भूक मरते. स्नायूंत पोचले की तिथलं प्रथिन मोडीत निघतं. इंटरल्युकिन-६ मुळे वाढीला चालना देणाऱ्या आयजीएफ-१ या संप्रेरकाची पातळी घटते, आणि उंचीही अडते. म्हणजे पोर हट्टीपणाने ताट बाजूला सारत नसतं. त्याला खरोखरच भूक नसते, आणि खाल्लेलंही नीट कामी येत नसतं.

काही कारणं याहून साधी, पण सहज निसटणारी आहेत. जबड्याचा सांधा हाही सांधाच आहे, आणि जेआयएमध्ये तो बऱ्याचदा मुकाट्याने सुजतो. मूल “जबडा दुखतो” असं सांगत नाही. ते हळूहळू चावून खायचे पदार्थ टाळू लागतं, घास छोटे करतं, जेवायला तासभर लावतं. घरच्यांना वाटतं, नखरे वाढले. मोठ्ठा आ करायला लावून दोन्ही बाजूंना तोंड सारखं उघडतंय का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. मेथोट्रेक्सेटचंही तसंच. आठवड्यातून एकदा घ्यायचं हे औषध जेआयएच्या उपचाराचा कणा आहे, पण काही मुलांना ते घेतल्यावर मळमळतं. पुढे पुढे तर औषधाचा वार नुसता जवळ आला तरी मळमळू लागतं. आठवड्यातले दोन दिवस असे गेले तर वजनावर परिणाम होणारच. याला उपाय आहेत. फॉलिक ॲसिड असतं, गोळीऐवजी इंजेक्शन करून पाहता येतं. पण त्यासाठी हे डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

एक इशारा इथेच देतो, कारण तो थांबण्यासारखा नाही. सांधेदुखीबरोबर वजन झपाट्याने उतरत असेल, मूल रात्री दुखून जागं होत असेल, पोट सतत बिघडत असेल किंवा संडासातून रक्त जात असेल, तर ‘संधिवातच असेल’ म्हणून गप्प बसू नये. आतड्याचा दाह आणि क्वचित रक्ताचा कर्करोगही सांधेदुखीच्या वेशात येतात.

काटा न बोलता लपवतो ते

आता जरा नाजूक भाग. वजन ‘नॉर्मल’ आलं म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालता येत नाही, कारण काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. दाहाच्या काळात स्नायू झिजतो, आणि हालचाल थांबल्यामुळे चरबी जागेवर राहते किंवा वाढतेही. बेरीज तीच, आतला मामला पार बदललेला.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक गुडघा सुजलेल्या मुलाला पाय लांब करून बसवा. दोन्ही वाट्यांपासून सारखंच अंतर, समजा १० सेंटिमीटर, वर मोजून तिथे मांडीभोवती टेप धरा. सुजलेल्या बाजूची मांडी दुसरीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर बारीक भरणं अजिबात दुर्मीळ नाही. सांध्यात पाणी भरलं की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला जणू लगाम घालते. मुलाने जोर लावला तरी तो स्नायू पुरा आवळला जात नाही, आणि काही आठवड्यांतच तो ओसरू लागतो. वजनकाट्याला याचा पत्ताही नसतो. मला विचाराल तर अशा मुलाबद्दल किलोच्या आकड्यापेक्षा ही टेप जास्त खरं बोलते.

बीएमआयचीही अशीच खोड आहे. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र बेल्जियमच्या अडोल्फ केटले या गणितज्ञाचं, एकोणिसाव्या शतकातलं. तो सबंध लोकसमूहांची मापं अभ्यासत होता, एकेकट्याचं आरोग्य ठरवायला त्याने ते काढलेलं नव्हतं. मोठ्यांसाठी २५, ३० अशा ठरलेल्या रेषा असतात. मुलांमध्ये त्या चालत नाहीत. मुलांचा बीएमआय पहिल्या वाढदिवसानंतर उतरत जातो, पाच-सहा वर्षांच्या आसपास तळाला जातो आणि मग पुन्हा चढतो. म्हणून मुलाचा आकडा त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांच्या तक्त्यावर ठेवून पाहतात. शंभर मुलं ओळीने उभी केली तर हे कितव्या जागी येईल, तो पर्सेंटाइल. बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी तक्त्यात ८५ च्या पुढे जास्त वजन आणि ९५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात.

यात जेआयएची पाचर अशी. समजा, मूल ३० किलोचं आहे आणि उंची १३० सेंटिमीटर. बीएमआय पावणेअठराच्या आसपास येतो. आजाराने उंची अडली आणि तेच मूल त्याच वजनाला १२५ सेंटिमीटरवरच असलं, तर तो १९.२ होतो. अंगावर चरबीचा एक कण वाढलेला नाही, तरी तक्त्यावर मूल वर सरकलं. आणि गुडघा पूर्ण सरळच होत नसेल, तर उंचीच्या पट्टीपुढे ते किंचित वाकून उभं राहतं, खरी उंचीही मापात येत नाही. माप घेणाऱ्याने पायांकडे पाहिलंच नाही, तर कागदावर एक लठ्ठ मूल तयार होतं.

ते ‘बाळसं’ नव्हे

मग स्टेरॉइड येतात. संधिवातावरचा त्यांचा परिणाम इतका नाट्यमय होता, की त्या संशोधनासाठी हेन्च, केंडल आणि राइखश्टाइन यांना १९५० सालचं नोबेल मिळालं. आजही सिस्टेमिक प्रकारात किंवा दुसरं औषध लागू पडेपर्यंतच्या काळात त्यांचा आधार घ्यावा लागतो. पण तोंडावाटे मोठे डोस लांबले तर ते भूक बेफाम वाढवतात, चरबी गालांवर, मानेमागे आणि पोटावर आणून ठेवतात, स्नायू झिजवतात आणि उंचीलाही ब्रेक लावतात. आजाराने वाळलेलं पोर महिन्याभरात गोल गरगरीत दिसू लागलं की घरातलं जुनं माणूस कौतुकाने म्हणतं, “बघा, कसं बाळसं धरलंय!” बाळसं असतं तर हातापायांतही ताकद दिसली असती. इथे चेहरा भरलेला असतो आणि जिना चढताना कठडा धरावा लागतो.

किशोरवयीन मुलामुलींना हा बदललेला चेहरा फार लागतो, आणि काही जण कुणाला न सांगता गोळ्या बंद करतात. हे जिवावर बेतू शकतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत असतात तेव्हा शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावलेली असते, तिला जागं व्हायला वेळ लागतो. म्हणून डोस पायरीपायरीनेच उतरवायचा असतो, तोही डॉक्टरांच्या हिशेबाने. एखाददुसराच सांधा सुजलेला असेल तर सांध्यातच स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं, मग सबंध शरीराला झळ फार कमी लागते. आणि वजन वाढणं दर वेळी वाईटही नसतं. योग्य औषधाने दाह शमला की भूक परतते, अडलेली उंची पुन्हा धावू लागते आणि वजनही भरतं. ती वाढ म्हणजे औषध लागू पडल्याची पावती आहे.

मग चरबीमुळे आजार भडकतो का?

शंका निराधार नाही. चरबी म्हणजे शरीराचं निष्क्रिय कोठार, ही समजूत गेल्या शतकाच्या शेवटी मोडली. १९९३ साली चरबीच्या ऊतींत टीएनएफ तयार होतो असं दिसलं, १९९४ साली लेप्टिन हे चरबीतून निघणारं संप्रेरक सापडलं. निरोगी माणसाच्या रक्तातलं साधारण एक तृतीयांश इंटरल्युकिन-६ चरबीतूनच येतं असा अंदाज आहे. म्हणजे सांधे पेटवणारे जे निरोपे वर आले, त्यांचा एक मंद झरा चरबीतही आहे. त्यात भाराची भर. गुडघ्याची झीज असलेल्या मोठ्या माणसांवरच्या अभ्यासात, वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो असं आढळलं होतं.

तर्क सरळ आहे. पण प्रत्यक्ष मुलांमध्ये पाहिलं तेव्हा चित्र इतकं सरळ निघालं नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेआयए असलेल्या १५४ मुलांपैकी १८ टक्के लठ्ठ आणि १२ टक्के जास्त वजनाची होती, पण लठ्ठपणाचा आजाराच्या जोराशी ठळक संबंध काही सापडला नाही. नंतरच्या काही अभ्यासांत, लठ्ठ मुलांमध्ये उपचार कमी लागू पडतात असं दिसलं. दोन्ही खरं असू शकतं. एकाच दिवशी मोजलेलं वजन आणि एकाच दिवशी मोजलेला जोर शेजारी ठेवले, तर कोणी कोणाला ढकललं ते कळत नाही. दाह एका मुलाला वाळवतो आणि हालचाल बंद पडल्याने दुसऱ्याला जाड करतो, मग सरासरीत दोघं एकमेकांना पुसून टाकतात.

याहून मोठी अडचण मोजपट्टीतच आहे. आजाराचा जोर मोजायला जेएडीएएस नावाची गुणपद्धत २००९ पासून वापरात आहे. तिच्या १० सांध्यांच्या रूपात चार गोष्टींची बेरीज होते: डॉक्टरांचा अंदाज ० ते १०, पालकांचा किंवा मुलाचा अंदाज ० ते १०, दाह असलेले सांधे जास्तीत जास्त १०, आणि ईएसआर, म्हणजे दाहाचा अंदाज देणारी एक रक्ततपासणी. ईएसआरमधून २० वजा करायचे, उरतील त्याला १० ने भागायचं. २० च्या आत असेल तर शून्य. एकूण गुण ४०.

आता एक मुलगी मनात आणा. एक गुडघा सुजलेला, डॉक्टरांचे २, आईचे ३, ईएसआर २५. बेरीज: २ अधिक ३ अधिक १ अधिक ०.५, म्हणजे ६.५. हीच मुलगी, गुडघ्यात तेवढाच दाह, फक्त वजन बरंच जास्त. लठ्ठपणात ईएसआर संधिवाताशिवायही थोडा चढलेला असतो, समजा ३५ आला. भारामुळे संध्याकाळी पाय दुखतात, दम लागतो, म्हणून आईने ३ ऐवजी ५ दिले. घोटा भरलेला वाटला, चरबी की सूज हे हाताला नीट कळलं नाही, तोही मोजला गेला. आता २ अधिक ५ अधिक २ अधिक १.५, म्हणजे १०.५. सांध्याच्या अस्तरात काडीचाही फरक नसताना चार गुण वाढले! याच्या उलटही घडतं. चरबीखाली खरी सूज बोटांना लागतच नाही, आणि जोर आहे त्याहून कमी मोजला जातो. अशा वेळी सोनोग्राफी भांडण मिटवते, अस्तर जाड आहे का आणि त्यात रक्तप्रवाह वाढलाय का ते पडद्यावर दिसतं. गुण वाढले म्हणून औषध चढवण्याआधी ते कुठल्या रकान्यात वाढले, हे विचारायचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

वजन आणि औषधाचा डोस

वजनाचा एक परिणाम मात्र वादातीत आहे, डोसवरचा. मेथोट्रेक्सेट बहुधा शरीराच्या पृष्ठफळावर ठरतं, दर चौरस मीटरला आठवड्याला १० ते १५ मिलिग्रॅम. टीएनएफ रोखणारं एटानरसेप्ट दर किलोला ०.८ मिलिग्रॅम, पण आठवड्याला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही. त्याच जातीच्या अडॅलिमुमॅबला तर वजनाचे टप्पे असतात, ३० किलो आणि त्यापुढे सगळ्यांना पंधरवड्याला ४० मिलिग्रॅम. म्हणजे ३० किलोच्या मुलाला दर किलोमागे १.३३ मिलिग्रॅम मिळतं आणि ८० किलोच्या किशोराला अर्धा मिलिग्रॅम. र्‍हुमॅटॉइड संधिवात असलेल्या लठ्ठ प्रौढांमध्ये टीएनएफ रोखणारी औषधं कमी लागू पडतात असं अनेकदा दिसलंय, त्यामागचं हे एक कारण असू शकतं. मेथोट्रेक्सेट घेताना यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, आणि लठ्ठपणात यकृतात आधीच चरबी साठलेली असू शकते. उलट बाजूला, मूल वर्षात चार-पाच किलोंनी वाढलं आणि डोस मात्र गेल्या वर्षीचाच राहिला, असंही होतं. “वजन वाढलंय, डोस तोच ठेवायचा ना?” एवढा प्रश्न दर भेटीला विचारावा. स्वतःच्या मनाने मात्र डोस बदलू नये.

घरी काय करायचं? वाढत्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवायच्या भानगडीत शक्यतो पडूच नये. वजन आहे तिथे रोखून धरायचं आणि उंचीला ते गाठू द्यायचं, इतकंच पुष्कळदा पुरतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तोडून तर मुळीच चालणार नाही, कारण आजार आणि स्टेरॉइड दोघंही हाडं पोखरत असतात. एके काळी या मुलांना अंथरुणात झोपवून ठेवत. आता उलट सांगतात, कारण बेतशीर व्यायामाने आजार भडकत नाही असं अभ्यासांतून दिसलंय. पोहणं आणि सायकल सांध्यांना मानवतात. मांडीचा तो ओसरलेला स्नायू परत आणायला फिजिओथेरपिस्टची मदत घ्यावी, कारण स्नायू भरला की गुडघा आधारात येतो, दुखणं कमी होतं आणि मूल आपण होऊन खेळायला निघतं. सूज तीव्र असलेल्या दिवसांत मात्र जबरदस्ती नको.

आणि वहीत एक पान तक्त्यासाठी ठेवा. दर तीन महिन्यांनी वजन आणि उंची, दोन्ही, तारखेसकट. एका दिवसाच्या आकड्यात फारसं काही नसतं. वजनाची रेघ वर आणि उंचीची रेघ आडवी चालली असेल तर स्टेरॉइडबद्दल बोलायची वेळ झाली. दोन्ही आडव्या असतील तर दाह अजून विझलेला नाही, अशी शंका घ्यावी.

“तू बारीक झालीस की गुडघा बरा होईल,” हे वाक्य मुलांना फार ऐकावं लागतं. ते वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. जेआयए वजनामुळे होत नाही, आणि नुसतं वजन उतरल्याने तो जात नाही. काट्यावर तर उभं राहावंच लागतं, डोसचा हिशेब त्यावर आहे. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा आकडा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा वाचून दाखवायची गरज नसते. गुपचूप कागदावर लिहिला तरी मिलिग्रॅम तेवढेच येतात.